यात्रेच्या गाडीस सूर्याची जोड

(दिग्रस येथे ज्ञातिमंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



मंडळाच्या यात्रेच्या गाडीवर सूर्यशक्तीची यंत्रणा बसवावी, अशी सूचना कार्यकारी मंडळापुढे आलेली आहे. एका उदार ज्ञातिबांधवाने त्यासाठी देणगी देण्याचे कबूल केले आहे. सूचना सर्वांस मान्य आहे. मतभेद आहे तो यंत्रणेच्या आकाराविषयी. ‘एवढा खर्च करायचाच, तर गाडीत वातानुकूलन यंत्रही चालले पाहिजे,’ असे तरुण मंडळी म्हणतात. ‘दिवा आणि पंखा मिळाला म्हणजे पुष्कळ झाले,’ असे वडील मंडळी म्हणतात. या प्रश्नाचा हिशेब मांडून तो सर्वांपुढे ठेवावा, अशी आज्ञा चिटणीसांनी आम्हांस केली. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे आणि आयुष्य गेले मुलांना त्रैराशिक शिकविण्यात. परंतु हा प्रश्न मुळात त्रैराशिकाचाच असल्यामुळे आम्ही ही आज्ञा आनंदाने शिरसावंद्य मानली.

प्रथम गरज काय, ते पाहू. आपली गाडी पंढरपूर, माहूर, पोहरादेवी आणि क्वचित दूरच्या क्षेत्रांस जाते. धर्मशाळेत जागा मिळाली नाही म्हणजे वृद्ध मंडळी आणि स्त्रिया गाडीतच निजतात. वैशाखातील रात्री बंद गाडीत वारा नसतो. मग चालकास विनंती करून इंजिन चालू ठेवले जाते, अथवा भाड्याचे जनित्र आणून लावले जाते. डिझेल जळते, आवाजाने झोप उडते, आणि धूर खिडकीतून आत येतो. या धुराची थट्टा करू नये. २०२४ च्या डिसेंबर महिन्यात केरळातील कोळिकोड जिल्ह्यात वडकरा येथे रस्त्याकडेला उभ्या असलेल्या एका मुक्कामाच्या गाडीत दोन माणसे मृत आढळली. गाडीतील जनित्राचा कार्बन मोनॉक्साइड हा वायू आत शिरल्यामुळे त्यांचा अंत झाला, असे तज्ज्ञांच्या तपासणीत निष्पन्न झाले. या वायूस रंग नाही आणि वासही नाही. निजलेला मनुष्य जागा होत नाही, हेच त्यातील भय. म्हणून हा प्रश्न केवळ सुखसोयीचा नसून आपल्या आई-वडिलांच्या जिवाचा आहे, हे ध्यानात धरून पुढील विचार व्हावा.

सूर्यप्रकाशापासून वीज हे आता नवल राहिलेले नाही. प्रकाश पडल्याने वीज उत्पन्न होते, हे फ्रेंच शास्त्रज्ञ एदमाँ बेकरेल यांनी १८३९ साली पाहिले. उपयोगात येईल असा सिलिकॉनचा सौरघट अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेने १९५४ साली जगापुढे मांडला. त्यावर पडलेल्या प्रकाशापैकी शेकडा ६ च्या आसपास भागाचीच वीज होत असे. आज बाजारात मिळणारी चांगली पॅनेले, ज्यांस आपल्याकडे प्लेटा म्हणतात, शेकडा २० ते २२ भागाची वीज करतात. आपल्या तालुक्यातील पुष्कळ शेतांत या प्लेटांवर पंप चालताना आपण पाहतोच.

परंतु शेतातील प्लेट एका जागी उभी असते आणि गाडीवरील प्लेट हिंडती असते, एवढा भेद आहे. हिंडत्या वाहनावर सूर्यशक्तीचे दोन प्रकारचे उपयोग होतात. एक, वाहनच सूर्यावर चालविणे. केरळातील वैकम येथे २०१७ सालापासून ‘आदित्य’ नावाची ७५ उतारूंची नौका सूर्यशक्तीवर चालू लागली. हॉलंडमधील आइंडहोवन येथील विद्यार्थ्यांनी २०२१ साली ‘स्टेला व्हिटा’ नावाची मुक्कामाची गाडी बांधून ती सूर्याच्या बळावर स्पेनच्या दक्षिण टोकापर्यंत नेली. तिचे छप्पर मुक्कामी पसरता येते, तेव्हा पॅनेलांचे क्षेत्रफळ साडेसतरा चौरस मीटर होते. दुसरा उपयोग साधा आहे : चाक डिझेलवरच फिरू द्यावे आणि आतील दिवे-पंखे मात्र सूर्यावर चालवावेत. आपल्या रेल्वेने २०१७ सालीच दिल्लीत एका डेमू गाडीच्या डब्यांवर ३०० वॅटची सोळा-सोळा पॅनेले बसविली, ती याच हेतूने. आपल्या गाडीचा विचार या दुसऱ्या प्रकारचा आहे. तिच्या इंजिनास हात लावावयाचा नाही.

या दुसऱ्या प्रकारात सर्वांत बोधप्रद उदाहरण आम्हांस वाटते ते प्राध्यापक चेतनसिंग सोळंकी यांच्या बसचे. मुंबईच्या आयआयटीत सूर्यशक्तीचे अध्यापन करीत असता त्यांनी २६ नोव्हेंबर २०२० रोजी भोपाळहून ‘ऊर्जा स्वराज यात्रा’ आरंभिली. २०३० सालापर्यंत घरी न परतता बसमध्येच राहावयाचे आणि देशभर हिंडून ऊर्जेच्या जपणुकीचा प्रचार करावयाचा, असा त्यांचा संकल्प. त्या बसवर ३.२ किलोवॅटची पॅनेले आणि आत सुमारे ६ युनिट वीज साठविणारी बॅटरी आहे. गांधीजींच्या ग्रामस्वराज्याच्या कल्पनेवर त्यांनी आपल्या कार्याचे नाव बेतले. सेवाग्रामच्या शेजारधर्माने आपणां वऱ्हाडकरांस ते नाव परके वाटू नये. त्यांच्या उपदेशाचे सूत्र तीन पायऱ्यांचे आहे : जी वीज वापरल्यावाचून चालेल, ती टाळा, जी टाळता येत नाही, ती कमी करा, आणि उरेल तेवढी स्वतः निर्माण करा. ज्याने आयुष्यभर वीज निर्माण करण्याचीच विद्या शिकविली, तो निर्मितीस तिसरे स्थान देतो. आपल्या मतभेदाचे उत्तर आम्हांस याच क्रमात दिसते.

आता त्रैराशिक मांडू. हजार वॅटचे उपकरण एक तास चालले म्हणजे एक युनिट वीज खर्च होते. म्हणजेच हजार वॅट-तास म्हणजे एक युनिट. आपल्या गाडीत मुक्कामाला पंधरा माणसे धरा. पाच वॅटचे सहा एलईडी दिवे पाच तास जळले, तर १५० वॅट-तास. पंधरा वॅटचे, बारा व्होल्टवर चालणारे चार पंखे दहा तास फिरले, तर ६००. पंधरा मोबाईल प्रत्येकी १२ प्रमाणे १८०. हात-तोंड धुण्याच्या पाण्याचा ६० वॅटचा लहान पंप अर्धा तास, म्हणजे ३०. भजनाचा ध्वनिक्षेपक ४० वॅटचा, दोन तास, म्हणजे ८०. शेवटी औषधांची लहान शीतपेटी, तिचे दिवसाचे ४००. ही पेटी कोणी चैन समजू नये. आपल्यात मधुमेहाचे रुग्ण किती आहेत, हे घरोघरी ठाऊक आहे. इन्सुलिनची न उघडलेली कुपी २ ते ८ अंशांत ठेवावी लागते आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४ अंशांपर्यंत चढतो. केवळ या एका कारणासाठी यात्रेस न येणाऱ्या भगिनी आपल्यात आहेत. सर्वांची बेरीज १४४० वॅट-तास. तारांत, बॅटरीत आणि यंत्रांत जी गळती होते तिच्यासाठी चतुर्थांश वाढवा, म्हणजे १८०० झाले, अर्थात १.८ युनिट.

ही वीज किती पॅनेलांतून मिळेल? आपल्या जिल्ह्यात वर्षाच्या सरासरीने दिवसाचे ऊन पूर्ण तेजाच्या पाच तासांइतके धरावे. एक किलोवॅटच्या पॅनेलांनी पाच युनिटे द्यावीत. परंतु धूळ, उष्णता आणि आडवी मांडणी यांमुळे पाऊण हिस्साच हाती येतो, म्हणजे पावणेचार युनिटे. या प्रमाणाने १.८ युनिटांसाठी सुमारे अर्धा किलोवॅट पुरतो. ५५० वॅट बसविली म्हणजे दोन युनिटे मिळून थोडी शिल्लकही राहते. टपावरील जागा लागेल ती तीन चौरस मीटरांहून कमी.

उष्णतेचा उल्लेख केला, त्याचे कारण पुष्कळांस चमत्कारिक वाटेल. पॅनेलास प्रकाश हवा असतो, उष्णता नको असते. त्याचे वॅट २५ अंश तापमानावर मोजलेले असतात आणि त्यापुढील प्रत्येक अंशास उत्पन्न शेकडा सुमारे ०.३ ते ०.४ नी घटते. उन्हाळ्यात टपावरील पॅनेल ६५ अंशांपर्यंत तापले, तर शेकडा १२ ते १६ भाग तेथेच जातो. म्हणून पॅनेल पत्र्याला चिकटवून न बसविता खाली चार बोटे मोकळी हवा खेळेल असे बसवावे. त्याची सावली पत्र्यावर पडून गाडी आतूनही थोडी थंड राहते, हा दुहेरी लाभ.

आता वातानुकूलन यंत्राचा हिशेब. लहानात लहान यंत्र रात्रीचे आठ तास चालले आणि मधूनमधून थांबत सरासरी ६०० वॅट ओढत राहिले, तरी ४.८ युनिटे झाली. गळती धरून सहा. म्हणजे सोळंकी यांच्या संपूर्ण बसमधील बॅटरीत जेवढी वीज मावते, तेवढी आपण एका रात्रीत एका यंत्रावर घालविणार! त्यासाठी आणखी १.६ किलोवॅटची पॅनेले, म्हणजे आठ चौरस मीटर जागा लागेल. आपल्या गाडीचा टप पाच मीटर लांब आणि १.७ मीटर रुंद, म्हणजे साडेआठ चौरस मीटरांचा. त्यावर सामानाचे कॅरिअर आहे आणि हवेची झडपही आहे. एका व्यापाऱ्याने मंडळास ३ किलोवॅटचे अंदाजपत्रक दिले आहे. त्यास पंधरा चौरस मीटर लागतील. उरलेली पॅनेले कोठे टांगावयाची, याचा खुलासा त्या कागदात नाही. तरुण मित्रांनी राग मानू नये. अडचण पैशाची नसून टपाची आहे. देणगी दुप्पट झाली तरी टप दुप्पट होणार नाही. तीच गोष्ट विजेच्या शेगडीची. दोन हजार वॅटची शेगडी अर्धा तास चालली की एक युनिट संपले. स्वयंपाक गाडीबाहेर गॅसवरच व्हावा.

बॅटरीविषयी थोडे. रात्रीची गरज सुमारे १.२ युनिट आहे. जुन्या पद्धतीची शिशाची बॅटरी निम्म्याहून अधिक रिकामी करू नये, नाहीतर तिचे आयुष्य झपाट्याने घटते. दोन रात्रींच्या साठ्यासाठी अशा १५० अँपिअर-तासांच्या तीन बॅटऱ्या लागतील आणि त्यांचे वजन दीडशे किलोच्या आसपास भरेल. लिथियम लोह फॉस्फेट जातीची २०० अँपिअर-तासांची एकच बॅटरी अडीच युनिटे साठविते, त्यातील शेकडा ९० भाग वापरता येतो, आणि वजन पंचवीस किलोच्या आसपास असते. आरंभी ती महाग पडते, परंतु वर्षे अधिक टिकते. एकच पथ्य : तापमान शून्याखाली गेले असता ती चार्ज करू नये. दिग्रसला तो प्रश्न नाही; पण गाडी बदरीनारायणास गेली, तर आहे. थंडी पडताच चार्जिंग आपोआप थांबविणारी बॅटरी घ्यावी.

ही बॅटरी इंजिन सुरू करण्याच्या बॅटरीपासून अगदी वेगळी असावी. रात्री पंखे फिरले म्हणून सकाळी गाडी ढकलण्याची पाळी येता कामा नये. पॅनेल आणि बॅटरी यांच्यामध्ये चार्ज नियंत्रक असतो. त्याच्या दोन जाती आहेत. एमपीपीटी नावाची जात पॅनेलाकडून अधिकांत अधिक वीज काढून घेते, ती पत्करावी. दिवे आणि पंखे सरळ बारा व्होल्टवर चालवावेत. इन्व्हर्टरमधून फिरविल्यास दहावा हिस्सा वाटेत जातो. बारा व्होल्टवर वीजप्रवाह मोठा असतो, म्हणून तारा जाड हव्यात, आणि बॅटरीच्या अगदी लगत फ्यूज हवा. बारीक तार तापते आणि गाडीला आग लागण्याचे तेच कारण ठरते. या कामात चार पैसे वाचविणे म्हणजे विहिरीस कठडा न बांधता दोर वाचविणे होय.

पावसाळ्यात काय, असा प्रश्न कोणी करील. आषाढी वारी ऐन पावसाळ्यात येते आणि दाट ढगांत उत्पन्न तृतीयांशावरही येऊ शकते. त्यासाठी चालत्या इंजिनाच्या अल्टर्नेटरमधून दुसरी बॅटरी भरणारा डीसी-डीसी चार्जर बसवावा. तीस अँपिअरच्या अशा यंत्राने तीन तासांच्या प्रवासात एक युनिट भरते. गाडी जाणार असतेच. त्यासाठी वेगळे उभे राहून धूर करावा लागत नाही. हिवाळ्यातील गोष्ट याहून सोपी. दिग्रस विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे २० अंशांवर आहे. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास आणि पुन्हा जुलैच्या उत्तरार्धात सूर्य दुपारी नेमका डोक्यावर येतो. डिसेंबरात मात्र तो दुपारीही सुमारे साडेसेहेचाळीस अंशांवरच राहतो, त्यामुळे आडव्या पॅनेलास ऊन तिरपे मिळते. परंतु त्या दिवसांत पंखेच बंद असतात. उत्पन्न घटते तेव्हा खर्चही घटतो, अशी ही निसर्गाची सोय आहे.

बसविताना पॅनेल नुसते चिकटवून भागणार नाही. ते टपाच्या आतील आडव्या पट्ट्यांस बोल्टने आवळून, भोके पाणी न झिरपेल अशी बुजवावीत. भरधाव गाडीवर वारा पॅनेलाखाली शिरून ते वर उचलू पाहतो. प्रत्येक यात्रेपूर्वी बोल्ट तपासण्याचे काम नेमून द्यावे. काच सकाळी थंड असतानाच धुवावी. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे सावली. पाटाचे पाणी एका जागी अडले म्हणजे पुढची वाफे कोरडी राहतात, तद्वत् पॅनेलातील घट एकामागे एक जोडलेले असल्यामुळे कोपऱ्यावर पडलेली लहानशी सावलीही मोठा हिस्सा खाते. गाडी निंबाखाली उभी करण्याची आपली सवय. दुपारी माणसांनी निंबाखाली बसावे आणि गाडीस उन्हात ठेवावे, हा नवा नेम चालकास समजावून द्यावा लागेल.

कायद्याचेही पाहिले पाहिजे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये नोंदणीपुस्तकातील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. टपावर उंची आणि वजन वाढणार असल्यामुळे प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडे आधी लेखी विचारणा व्हावी आणि विमा कंपनीसही कळवावे. पुष्कळांनी आम्हांस केंद्राच्या अनुदानाविषयी पुसले. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेली पीएम सूर्यघर योजना घरांच्या छपरांसाठी आहे. ३ किलोवॅटपासून पुढे तीत ७८,००० रुपयांपर्यंत साहाय्य मिळते. गाडीस ती लागू नाही. ज्यांना आपल्या घरासाठी तिचा लाभ घ्यावयाचा असेल, त्यांनी अवश्य घ्यावा.

आता आमचे शेवटचे आणि खरे सांगणे. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली मुक्कामाच्या गाड्यांच्या पर्यटनासाठी धोरण आखले, तेव्हापासून अशा गाड्यांची हौस वाढली आहे आणि ती वाईट नाही. परंतु आपली गाडी वर्षातून फार तर दोन महिने रस्त्यावर असते. उरलेले दहा महिने ती वसतिगृहाच्या आवारात उभी. त्या दहा महिन्यांत सूर्य रोज दोन युनिटे देणार आणि ती घ्यावयास कोणी नसणार, हे देणगीचे चीज नव्हे. म्हणून आमची सूचना अशी की, गाडी आवारात असेल तेव्हा तिची वीज वसतिगृहाच्या अभ्यासिकेस द्यावी. नऊ वॅटचे दहा दिवे चार तास म्हणजे ३६० वॅट-तास, आणि तीस वॅटचे, कमी वीज खाणारे सहा पंखे सहा तास म्हणजे १०८०. बेरीज पुन्हा १४४०! यात्रेस जेवढी लागते, तेवढीच मुलांच्या अभ्यासास लागते. मात्र हे पंखे घरातल्या विजेवर चालणारे असल्यामुळे त्यांना लहान इन्व्हर्टर लागेल. अभ्यासिकेतील ही जोडणी स्वतंत्र तारांची आणि स्वतंत्र प्लगची असावी. महावितरणच्या तारांशी तिचा स्पर्शही होऊ नये. वीज गेलेली असता आपली वीज उलटी खांबावर गेली, तर दुरुस्ती करणाऱ्या लाइनमनच्या प्राणाशी गाठ आहे.

परीक्षेच्या दिवसांत संध्याकाळी वीज गेली म्हणजे मुले पुस्तक मिटून ओट्यावर येऊन बसतात. शिक्षक म्हणून हे दृश्य आम्ही पस्तीस वर्षे पाहिले. ज्यांच्या घरी इन्व्हर्टर आहे त्यांची मुले वाचीत राहतात आणि ज्यांच्या घरी नाही त्यांची मुले अंधारात वाट पाहतात. ही तफावत गुणपत्रिकेत दिसते, पण तिचे कारण तेथे लिहिलेले नसते. आपल्या वसतिगृहात येणारी मुले बहुतेक दुसऱ्या प्रकारच्या घरांतून येतात.

यास्तव आम्ही सभेपुढे असा प्रस्ताव ठेवतो : ५५० वॅटची पॅनेले, एक लिथियम बॅटरी, एमपीपीटी नियंत्रक, डीसी-डीसी चार्जर आणि औषधांची शीतपेटी एवढीच यंत्रणा परिवहन कार्यालयाच्या संमतीनंतर गाडीवर बसवावी, वातानुकूलन यंत्राचा विचार सोडावा, भाड्याचे जनित्र गाडीस लावणे बंद करावे, आणि वाचलेल्या देणगीतून अभ्यासिकेच्या तारा, दिवे, पंखे आणि इन्व्हर्टर यांची सोय करावी. देणगीदार महाशयांशी आमचे बोलणे झाले असून, त्यांची यास हरकत नाही.

वडील मंडळींना यात्रेत शांत झोप मिळावी आणि मुलांना घरी उजेड मिळावा, ही दोन्ही कामे एकाच टपावरील तीन चौरस मीटर उन्हात होण्यासारखी आहेत. सभेने अनुकूल मत द्यावे, अशी आमची विनंती आहे.